नवी गाडी, जुने इंजिन

नव्या स्पोर्ट्स कारचे मूळ इंजिन उतरवून तिच्यात मागच्या पिढीचे इंजिन बसवणे, हा उद्योग मिस्तरीने केला की त्याला जुगाड म्हणतात आणि कारखान्याने केला की नवे मॉडेल. भारतात तो आधी कारखान्यांनी केला, तोही रंगीत जाहिरातींसह.

१९७६ साली इंग्लंडमध्ये रोव्हर एसडी-१ ही गाडी आली. तिचे रूप फेरारी डेटोनाकडे बघून घडवलेले, बोनेटखाली साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, आणि १९७७चा ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ हा किताब. १९८५मध्ये मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने हीच गाडी ‘स्टँडर्ड २०००’ म्हणून भारतीयांपुढे उभी केली. रूप तेच होते. आतले आठ सिलिंडर मात्र जाऊन चार आले होते, आणि तेही १९४७च्या स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या घराण्यातले. याच घराण्यातले इंजिन फर्ग्युसनच्या टीई-२० ट्रॅक्टरलाही असे. न्यायाने सांगायचे तर ट्रायम्फ टीआर-२ ही अस्सल स्पोर्ट्स कारही याच इंजिनावर पळाली होती. म्हणजे त्याला नांगरणीचा आणि शर्यतीचा, दोन्हींचा अनुभव होता. मद्रासला पोचेपर्यंत त्यातला कोणता शिल्लक उरला होता, ते गिऱ्हाइकाला पहिल्या चढावर कळे.

त्याच सुमारास आलेल्या काँटेसाचे अंग व्हॉक्सहॉल व्हिक्टरचे होते आणि इंजिन अँबॅसेडरचे, १४८९ सीसीचे. पुढे तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले, तेव्हा ती जशी दिसत होती तशी पळू लागली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ११८ एनईमध्ये उलटा संसार मांडला: अंग साठीच्या दशकातल्या फियाट १२४चे आणि इंजिन निस्सानचे. गोव्याची दोन आसनी ‘सॅन स्टॉर्म’ दिसायला शर्यतीची असली तरी तिच्यात रेनॉच्या घरगुती छोट्या गाडीचे इंजिन होते. किनाऱ्यावर फिरायला तेवढे पुरते.

नंदुरबार जिल्ह्यात या विषयाचा अभ्यास जीपवर करावा लागतो, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दारे दोन, सामानाला जागा नाही, मागे बसणाऱ्याचे हाल, किंमत मोठी आणि आवाज त्याहून मोठा: स्पोर्ट्स कारच्या व्याख्येतल्या सगळ्या अटी थार पुऱ्या करते. महिंद्राने २०१०मध्ये ही गाडी आणली तेव्हा एकाच अंगाला दोन पिढ्यांची इंजिने देऊ केली होती. एक कॉमन रेल पद्धतीचे, १०५ अश्वशक्तीचे सीआरडीई. दुसरे २५२३ सीसीचे, ६३ अश्वशक्तीचे डीआय. डीआयचे मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरमध्ये. तेव्हा सीआरडीई काढून डीआय बसवणारा मिस्तरी फार तर एवढेच म्हणू शकतो, की कंपनीने शोरूममध्ये दिलेला पर्याय गिऱ्हाइकाने जरा उशिरा निवडला.

बेचाळीस घोडे सोडून देण्याची बुद्धी माणसाला का होते, याचे उत्तर सातपुड्यात मिळते. कॉमन रेल इंजिन डिझेल प्रचंड दाबाने, बारीक भोकांतून आणि इसीएम नावाच्या संगणकाच्या हुकुमाने सोडते. डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा गेला की इंजेक्टर रुसतो, आणि कोणता रुसला हे लॅपटॉप जोडल्याशिवाय कळत नाही. मोलगी किंवा धडगावच्या वाटेवर गाडी बंद पडली तर लॅपटॉप खालून यावा लागतो. जुन्या इंजिनाला डिझेल देणारा मायको पंप निव्वळ यांत्रिक. त्याचे दुखणे चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसालाही आवाजावरून कळते आणि तो ते न विचारता सांगतो. निदान बहुधा चुकते, पण मोफत असते.

जुने इंजिन पारखण्याची विद्या जिल्ह्याला परकी नाही. शहादा तालुक्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे जाणता गिऱ्हाईक दात पाहतो, अंगावरचे भोवरे तपासतो, चाल बघतो, आणि विकणाऱ्याच्या बोलण्याकडे लक्ष देत नाही. भंगारातल्या इंजिनापुढेही हेच करायचे असते. इंजिन थंड असतानाच चालू करून घ्यावे. विकणारा ‘आत्ताच गरम केलंय, भाऊ’ म्हणाला की संशय घ्यावा, कारण थंडीत सुरू व्हायला कुरकुरणारी इंजिने मुद्दाम आधी तापवून ठेवलेली असतात. मग ऑइल भरायचे झाकण चालू इंजिनावर उघडून त्या तोंडावर तळहात धरायचा. हाताला नुसती ऊब लागली तर ठीक. फुसफुस करीत वाफ आणि ऑइलचे शिंतोडे आले, तर रिंगा गेल्या आहेत आणि इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारते आहे. धूर निळा असेल तर ऑइल जळते. पांढरा धूर थांबलाच नाही, तर पाणी आत शिरते. काळा धूर दिसला की विकणारा ‘ताकद आहे’ म्हणतो.

बसवण्याचे काम हौशी मालकाला एका दिवसाचे वाटते. बोनेटखाली जागा दिसते, इंजिन त्यात उतरतेही. पण उतरणे वेगळे आणि बसणे वेगळे. नव्या गिअरबॉक्सचे तोंड जुन्या इंजिनाच्या पाठीशी जुळत नाही, म्हणून मध्ये लेथवर कातलेली जाड प्लेट घालतात. ती केसभर जरी सरकली तरी क्लच सोडताना गाडी हिव भरल्यागत थडथडते आणि थोड्याच दिवसांत बेअरिंग वाजू लागते. शहाणे मिस्तरी म्हणूनच इंजिनाबरोबर त्याचा जुना गिअरबॉक्सही घेतात. मग गिअरचा दांडा भलतीकडे निघतो, तेव्हा पत्रा कापतात. इंजिन धरणारे फाउंडेशन चेसिसवर नव्याने मारावे लागते. फोर व्हील गाडीत ऑइल चेंबर पुढच्या ॲक्सलच्या नेमके वर येते; उभ्या गाडीत अंतर भरपूर दिसते आणि पहिल्या खड्ड्यात ते संपते.

सर्वांत मोठी गंमत वायरिंगमध्ये. नव्या गाडीतल्या इसीएमच्या दृष्टीने इंजिन गाडीत नाहीच, कारण एकाही सेन्सरकडून त्याला उत्तर येत नाही. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागतात. एसी चालू होत नाही, कारण त्याची परवानगी इसीएमकडून यायची असते. तेव्हा मिस्तरी घरगुती दिव्याचे बटण स्टिअरिंगखाली ठोकून परवानगी आपल्या अखत्यारीत घेतो. यांत्रिक पंपाला चालायला वीज लागत नाही, त्यामुळे किल्ली काढून खिशात घातली तरी इंजिन शांतपणे चालूच राहते. ते थांबवायला सीटजवळ ओढायची केबल काढतात. लाखो रुपयांच्या गाडीतून उतरण्याआधी मालक ती केबल ओढून धरतो, तेव्हा पाहुणे नजर दुसरीकडे वळवतात. एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये: ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्युम पंप जुन्या इंजिनावर आहे आणि जोडला आहे, हे गाडी गॅरेजबाहेर काढण्यापूर्वी पाहावे. तो नसेल तर ब्रेकचे पॅडल दगडासारखे घट्ट होते, आणि चांदसैली घाटाच्या उतारावर ते कळून उपयोग नसतो.

चाचणीचा निकाल रस्त्यावर अवलंबून असतो. तोरणमाळच्या चढाला जुने इंजिन कमी फेऱ्यांवर, दुसऱ्या गिअरमध्ये, कुरकुर न करता ओढत राहते आणि मालकाचा ऊर भरून येतो. खाली शहादा-दोंडाईचा सरळ रस्त्यावर तोच मालक पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर ओलांडताना समोरून कोणी येत नाही ना, हे फार दूरवर पाहून घेतो. ट्रॅक्टरच्या इंजिनाला ट्रॅक्टरविषयी भाऊबंदकी वाटत असावी.

राहता राहिला कायदा. गाडीचा क्रमांक एमएच-३९ असो की १९९८पूर्वीच्या एकत्र धुळे जिल्ह्यातला एमएच-१८, मोटार वाहन कायदा १९८८चे कलम ५२ दोघांना सारखेच लागू आहे. आरसीत नोंदलेल्या, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केले. इंजिन बदलले तर १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी हजर करावी लागते. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. १ एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ गाडीत जुने डीआय इंजिन घालून ते पासिंगला न्यायचा विचारही करू नये. जुन्या गाडीत त्याच प्रकारचे इंजिन घालायचे असेल, तर मिस्तरीला इसार देण्याआधी आरटीओत विचारावे, आणि भंगारवाल्याकडून इंजिन क्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्यावे. बिल द्यायला तो कांकू करू लागला, तर इंजिन कितीही गोड वाजत असले तरी तिथेच सोडून यावे.