आईच्या फोनला सगळं माहीत असतं

शिक्षिकेच्या फोनमध्ये अ‍ॅप दोन प्रकारची असतात. काही तिनं हौसेनं घेतलेली आणि बाकीची आदेशानं आलेली. हौसेच्या अ‍ॅपमध्ये पाणी प्यायची आठवण करणारं एक असतं, पावलं मोजणारं एक असतं, भिशीचा हिशेब ठेवणारं एखादं असतं. आदेशाची अ‍ॅप मोजायच्या भानगडीत कुणी पडू नये. फोनमधली जागा संपली आणि काहीतरी काढून टाकायची वेळ आली, की पहिला बळी पाण्याचा जातो.

राज्यात 2015 साली ‘सरल’ पोर्टलवर विद्यार्थ्यांची माहिती भरायला सुरुवात झाली. मग शाळेच्या माहितीचं यू-डायस प्लस आहे, पगाराचं शालार्थ आहे, पोषण आहाराची रोजची नोंद आहे, आणि अलीकडे हजेरीसुद्धा चॅटबॉटला सांगायची असते. एकेक घेतलं तर यातलं काही वाईट नाही. पटावरची बेरीज तीन-तीनदा करून महिनाअखेरीला रडकुंडीला येणाऱ्या बाई मी माझ्या लहानपणी पाहिल्या आहेत. तरी एखाद्या दिवशी एखादं पोर्टल नुसतंच गोल गोल फिरत राहतं आणि ग्रुपवर ‘अति तातडीचे, आज सायंकाळी पाचपर्यंत’ असा निरोप चार वीसला येऊन पडतो. अशा वेळी स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सर हमखास सांगतात, “मॅडम, रात्री अकरानंतर भरा, सर्व्हर मोकळा असतो.” हा सल्ला त्यांनी सगळ्या तालुक्याला दिलेला असल्यामुळे रात्री अकराला सर्व्हरवर जत्रा भरते.

वर्गातून जन्मलेल्या युक्तीची गोष्ट मात्र वेगळी. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ते कुणी परिपत्रक काढलं म्हणून नव्हे. मुलांना पुस्तकातली कविता ऐकता यावी, धड्यातली गोष्ट डोळ्यांनी पाहता यावी, एवढीच त्यामागची गरज. पुढे 2020 चं ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळालं आणि दहा लाख डॉलरमधली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. आता बालभारतीच्या पुस्तकातला तो काळा-पांढरा चौकोन स्कॅन केला, की 2017 मध्ये आलेल्या ‘दीक्षा’ अ‍ॅपवरचं साहित्य उघडतं. आमच्या वर्गातल्या मुलांनी हा चौकोन पहिल्यांदा पाहिला तो भाजीच्या गाडीवर. त्यामुळे मी कवितेच्या पानावर फोन धरला तेव्हा पहिल्या बाकावरून काळजीचा आवाज आला, “बाई, किती पैसे कापले?”

माझं सगळ्यांत लाडकं अ‍ॅप म्हणजे खरं तर अ‍ॅपच नाही. फोनच्या कळफलकावर माइकचं एक चित्र असतं. ते दाबून मराठीत बोललं, की अक्षरं उमटतात. वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी करायच्या असतात, त्याही विषयवार. कुणाला ‘स्वच्छतेची आवड आहे’, कुणाला ‘वाचनाची गोडी आहे’, आणि जो दिवसभर खिडकीबाहेर बघतो तो ‘निसर्गाचे सूक्ष्म निरीक्षण करतो’. हे सगळं हातानं लिहिताना बोटं कामातून जायची. आता मी भाजी परतता परतता नोंदी सांगते. माइक बिचारा प्रामाणिक असल्यामुळे ऐकेल ते लिहितो. एका संध्याकाळी जेवणानंतर तपासायला बसले, तर पडद्यावर होतं, ‘गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो गॅस बारीक कर गं इतरांना मदत करतो’. त्याखाली, ‘चित्रकलेत रुची आहे मीठ अजून घातलं नाही’. मी मीठ आणि गॅस काढून टाकले, नोंदी नीटनेटक्या केल्या, पण थोडं वाईटही वाटलं. त्या पानावर खरं घडलेलं असं तेवढंच होतं.

वेळेचं नियोजन शिकवणाऱ्या अ‍ॅपविषयी मला फार बोलायचं नाही. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसानं कॉलेजात असताना, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ वापरून सुरू केली म्हणतात. ते घड्याळ स्वयंपाकघरातलं होतं, पण त्या वेळी स्वयंपाक दुसरं कुणी करत असणार अशी मला दाट शंका आहे. शिवाय आम्ही मुळात घंटेवर जगणारी माणसं. पस्तीस मिनिटांच्या तासात हजेरी, गृहपाठ, एक भांडण आणि पृथ्वीचं परिवलन उरकणाऱ्या बाईला टोमॅटोनं काय शिकवावं?

खरी परीक्षा झाली ती सामायिक कॅलेंडरची. कल्पना माझीच. शाळेचं निळं, घरचं केशरी आणि माझं स्वतःचं हिरवं. हिरवा रंग महिन्यातून एखाद्या वेळी दिसायचा आणि त्यात ‘केस कापणे’ असं लिहिलेलं असायचं, तेही पुढच्या महिन्यात ढकलता येण्याजोगं. घरच्या कामांची आमंत्रणं मी नवऱ्याला पाठवू लागले. कॅलेंडर विचारतं, हो, नाही की कदाचित? हे तत्परतेनं ‘हो’ दाबायचे. गॅसचा नंबर लावणे, हो. आमच्या लेकीचं, सईचं, दातांच्या डॉक्टरकडे जाणं, हो. विज्ञान प्रदर्शनासाठी थर्माकोल, हो. इतकं आज्ञाधारक माणूस मी वर्गातसुद्धा पाहिलेलं नाही. होता होता लक्षात आलं, की त्यांच्या लेखी ‘हो’ दाबलं की काम झालं. थर्माकोल आणायचं राहिलं, पण त्याला होकार शंभर टक्के होता.

शिक्षिका असलेल्या प्रत्येक आईचा एक ठरलेला पेच असतो. तिच्या शाळेची पालकसभा ज्या शनिवारी असते, त्याच शनिवारी नेमकी तिच्या लेकीच्या शाळेतही असते. म्हणजे आपण चाळीस आईबापांना ‘मुलाकडे घरी लक्ष द्या’ असं समजावत असतो, तेव्हा आपल्या मुलीच्या बाईंसमोरची खुर्ची रिकामी असते. यंदा कॅलेंडरमध्ये वेळ, पत्ता, नकाशा, एक तास आधीची आठवण, सगळं भरून मी यांना पाठवलं. हे वेळेवर पोहोचले. माझी सभा ऐन रंगात आली असताना फोन थरथरला. मेसेज होता, “पोचलो. सई ‘क’मध्ये आहे की ‘ड’मध्ये?”

मी ‘क’ एवढंच पाठवलं. रागवायलाही सवड नव्हती. पण रात्री विचार करताना वाटलं, ही माहिती घरात होती कुठे? माझ्या डोक्यात आणि माझ्या फोनमध्ये. फोन माझ्या अंगठ्यानं उघडतो.

आमच्या सासूबाईंच्या संसारात हे सगळं भिंतीवर असायचं. जयंतराव साळगावकरांनी 1973 साली कालनिर्णय सुरू केलं, आणि सासूबाईंच्या स्वयंपाकघरातला खिळा तेव्हापासून रिकामा राहिलेला नाही. त्यांचं ते जुनं पान मी पाहिलंय. एकादशीच्या चौकोनात ‘दूध दीड लिटर’, कुठे ‘सिलेंडर लावला’, कुठे ‘रखमा आली नाही’. अक्षर एकाचं नाही. काही सासऱ्यांचं, काही दिरांचं, आणि मे महिन्यात सुट्टीला आलेल्या भाच्याचं एक विमान. पाणी प्यायला आत आलेल्या माणसालाही कळायचं, की उद्या दळण आणायचंय. ते न आणल्यास त्याला ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय नव्हती. आता कालनिर्णयचं अ‍ॅपही माझ्याच फोनमध्ये आहे. चतुर्थीला सासूबाई भिंतीवरचं पान उलटायच्या आधी मला हाक मारतात, “चंद्रोदय किती वाजता गं?” घरातला चंद्रसुद्धा आता मला विचारून उगवतो. अ‍ॅपनं माझी कामं सोपी केली हे खोटं नाही. पण ती माझीच आहेत, हेही त्यानं पक्कं करून टाकलं.

सईच्या टॅबवर आम्ही फॅमिली लिंक लावलंय. तिची वेळ संपली की टॅब बंद होतो आणि वाढीव वेळेसाठी तिची विनंती माझ्या फोनवर येते. या विनंत्यांना एक लय असल्याचं मला हळूहळू कळलं. मला मोकळा तास असला, की विनंती येत नाही. कारण मी फोन करून गृहपाठाची चौकशी करते. मात्र चौथा तास संपून पाचवा सुरू होतानाच्या त्या दोन मिनिटांत, हातात वह्यांचा गठ्ठा आणि समोर जिना असताना, ती हटकून येते. तेव्हा मी न वाचता मंजूर करते. माझं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं आहे. घरात ते कुणीतरी अभ्यासलंय याचा मला आनंदच झाला.

म्हटलं, या हुशारीचा काही उपयोग करून घ्यावा. सईला जवळ बसवून सांगितलं, “इथून पुढे पालकसभेच्या आदल्या दिवशी बाबाला आपली तुकडी, हजेरी क्रमांक आणि बाईंचं नाव तू सांगायचंस. थर्माकोलसुद्धा तूच मागायचंस. मी काही लिहिणार नाही.”

तिनं क्षणभर हिशेब केला.

“त्याची किती मिनिटं मिळतील?”