श्रीमान रुपये ५६,४६० यांस

श्रीमान वार्षिक उत्पन्न मर्यादा (शहरी), मुक्काम झाशी, यांस,

उत्तर प्रदेशात किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या प्रौढ माणसाला महिना १,००० रुपये दिव्यांग पेन्शन मिळते, ती आपल्या आणि आपले खेड्यातले धाकटे बंधू रुपये ४६,०८० यांच्या कृपेने. कुटुंबाची वर्षाची कमाई आपल्या आत आहे तोवर माणूस दिव्यांग. एक रुपया वर गेला की पाय तोच, कुबडी तीच, पण पेन्शनपुरता तो ठणठणीत! झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयाला जे कधी साधलं नाही, ते आपण तहसिलीतल्या एका कागदावर साधता. आपली शिस्तही अशी करडी की कोणाची गय म्हणून नाही. १८५४ साली संस्थान खालसा करून कंपनी सरकारने राणी लक्ष्मीबाईंना पेन्शन लावली ती महिना ५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६०,०००. आपल्या फूटपट्टीने राणीसाहेबांचं उत्पन्न ३,५४० रुपयांनी जास्तच भरतं.

आपल्याला बाराने भागलं तर महिन्याला ४,७०५ रुपये येतात. याच राज्याच्या सरकारने अकुशल मजुराचं किमान वेतन महिना दहा हजारांच्या वर ठरवलेलं आहे. घरातल्या एकाच माणसाला ही कायदेशीर मजुरी सहा महिने मिळाली, तरी आपण ओलांडले जाता. तेव्हा पेन्शन टिकवायची असेल तर घरात कोणाला धड काम नसावं, किंवा असलंच तर मालकाने कायदा मोडून पगार कमी द्यावा, अशी आपली अपेक्षा दिसते. (श्रम खात्याला ती कळवली आहे का, हे आपणच पाहावं.) हिशोब साधा आहे. ५६,००० कमावणाऱ्या घरात पेन्शनचे १२,००० धरून ६८,००० येतात. त्या घरातल्या दिव्यांगाने हातपाय हलवून वर्षाला हजार रुपये जास्त आणले की घरात उरतात ५७,०००. हजाराच्या मेहनतीला अकरा हजारांचा दंड.

आपले चाहते म्हणतील, महिना हजार रुपड्यांसाठी नोकरी कोण नाकारतो? प्रश्न रास्त आहे. आठ हजारांची पक्की नोकरी समोर असेल तर कोणीही त्या हजारावर पाणी सोडेल. पण माणिक चौकातल्या कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं काम पक्कं नसतं. नेमणुकीचं पत्र नसतं, आणि लग्नसराई सरली की ‘उद्यापासून नको’ एवढं तोंडी सांगितलं की झालं. लग्नसराईच्या तीन महिन्यांचे, महिना आठ हजार धरून, चोवीस हजार घरातल्या बाकीच्यांच्या मजुरीत मिळवले की आपण ओलांडले गेलात. शिवाय धडधाकट नोकर दुकानात चालत येतो, कुबडीवाल्याला जाता-येता ई-रिक्षा करावी लागते. ते भाडं आपल्या कोष्टकात कुठेच वजा होत नाही. पुढे काम सुटलं आणि पेन्शन परत हवी असली, तर पुन्हा लेखपालाचा अहवाल, तहसिलीतून नवं उत्पन्न प्रमाणपत्र, मग अर्ज, मग पडताळणी, आणि पासबुकात नोंद उमटेपर्यंत हेलपाटे. नोकरी एका संध्याकाळी जाते. पेन्शन तिच्या सवडीने येते. हा सौदा नाकारणाऱ्याला आळशी म्हणण्याची पद्धत आहे. मला तो हिशोबाला पक्का वाटतो.

शिकणाऱ्यांची गत याहून चमत्कारिक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित संस्थांत उच्च शिक्षणाच्या ५ टक्के जागा राखून ठेवल्या. बुंदेलखंड विद्यापीठात एखादी एकोणीस वर्षांची मुलगी अशा जागेवर दाखल झाली, तर तिचं अपंगत्व तिचं असतं, पण पेन्शन ठरते बापाच्या मजुरीवर. तिने संध्याकाळी चार मुलांच्या शिकवण्या घेतल्या की तेही पैसे आपल्याच खाती जमा. त्याच कायद्याच्या २४व्या कलमात असंही लिहिलं आहे, की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. उत्तर प्रदेशात वृद्धांची पेन्शन १,००० रुपये, दिव्यांगांचीही १,०००, आणि दोन्ही दारांवर पहारेकरी आपणच. वरचे अडीचशे वाटेत कुठे सांडले?

तिजोरी आटलेली आहे, मर्यादा नसेल तर खऱ्या गरिबाला काय उरेल, असं आपले वकील म्हणतात. मर्यादेशी माझं भांडण नाही. ती एका पायरीत संपते याच्याशी आहे. भीतीने काम नाकारणारा माणूस वर्षाचे पूर्ण १२,००० घेतच राहतो, मग तिजोरीचं वाचलं काय? कामाला लागलेल्याची पेन्शन हळूहळू उतरवली, तर उलट थोडं वाचेल. दुसरा आक्षेप खोट्या दिव्यांगांचा. तो खोटेपणा वैद्यकीय प्रमाणपत्रात असतो, तिथेच पकडावा. २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला, त्याची शिक्षा गल्ल्यावर बसणाऱ्याने का भोगावी?

हळूहळू उतरवणं सरकारला जमत नाही असंही नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं आणि त्यासोबत ‘मार्जिनल रिलीफ’ नावाची उशीही ठेवली. १२ लाख १० हजार कमावणाऱ्याला एरवी ६१,५०० रुपये कर बसला असता. ही सवलत तो १०,००० वर आणते, कारण दहा हजार जास्त मिळवल्याबद्दल साठ हजार भरायला लावणं अन्याय आहे, हे दिल्लीला कळलं. बारा लाखवाल्याच्या बाबतीत जे कळतं, ते छप्पन्न हजारवाल्याच्या बाबतीत कळायला इतकं अवघड का जावं? अमेरिकेत गरीब दिव्यांगांच्या भत्त्यात कमाईचे पहिले ६५ डॉलर मोजतच नाहीत, आणि पुढच्या दर दोन डॉलरमागे एकच कापतात. तिथल्या अपंगत्व विम्यात नऊ महिने काम करून पाहायची मुभा असते, आणि भत्ता बंद झाल्यावर पाच वर्षांत पुन्हा काम जमेनासं झालं तर नव्याने पहिल्यापासून अर्ज करावा लागत नाही. आपल्याकडे त्या डॉलरांची ऐपत नसेल. पण दोनाला एक कापायला ऐपत कशाला हवी?

‘मग पेन्शनच वाढवा’ असं म्हणणारे भले लोक आहेत. त्यांनी आपल्या मुंबईकर चुलतभावाकडे पाहावं. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी मर्यादा आहे ५०,००० रुपये, आणि २०२५ साली त्यांचं अनुदान महिना १,५०० वरून २,५०० झालं. स्वागतच आहे. पण वर्षाचं अनुदान ३०,००० आणि मर्यादा ५०,००० वर खिळलेली, म्हणजे मर्यादेवरचा पहिला रुपया तिथे तीस हजारांना पडतो. सरकार जितकं उदार, तितका कडा उंच. झाशीचा दिव्यांग बारा हजारांच्या उंचीवरून पडतो, सोलापूरचा तीस हजारांच्या. तेव्हा मराठी वाचकांनी झाशीला हसू नये.

तरी आपण, धाकटे बंधू आणि मुंबईकर अशा तिघांनी एकदा बसून तो उतार कुठून सुरू करायचा हे ठरवावं. कोष्टक प्राप्तिकर खात्यात तयार आहे, मागून घ्यावं. कळावे.

आपला,
मार्जिनल रिलीफचा हक्कदार असा एक करदाता