गुरुत्वाकर्षण समजून घ्यावे कसे? (मुक्काम मिठबाव)

न्यूटनने 1687 साली आपला नियम छापला, पण त्याला मिठबाव ठाऊक नव्हते. त्यामुळे त्याला गणित फार करावे लागले. देवगड तालुक्यातल्या या गावी तीच गोष्ट एका दिवसात, जेवणाची वेळ न चुकवता समजते. फक्त खालचा क्रम मोडू नये.

साहित्य : एक उंच माड, माडावर चढून नारळ पाडणारा एक पाडेली, हद्दीवरून बोलणे बंद असलेले दोन भाऊबंद, भिंतीवरची दिनदर्शिका आणि अरबी समुद्र. यांत पाडेली मिळणे सर्वांत कठीण. त्याला आठवडाभर आधी सांगून ठेवावे. भाऊबंद आयत्या वेळीही मिळतात.

पायरी 1 : माड. पाडेली वर चढला की सर्वांनी खळ्यात येऊन उभे राहावे. वीस मीटरवरून सुटलेला असोला नारळ दोन सेकंदांत खाली येतो आणि आपटताना त्याचा वेग ताशी सुमारे 70 किलोमीटर असतो, म्हणून शंका नंतर विचाराव्यात. नवशिके म्हणतात, "नारळ पडला." हे अर्धेच खरे आहे. दीड किलोच्या नारळाला पृथ्वी जेवढ्या जोराने ओढते, नेमक्या तेवढ्याच जोराने नारळ पृथ्वीला ओढतो. म्हणजे पृथ्वीसुद्धा वर येते. किती? एका प्रोटॉनच्या रुंदीचे तीस कोटी भाग केले, तर त्यातल्या जेमतेम एका भागाइतकी. तेव्हा कौले सरकलेली दिसल्यास दोष नारळाला देऊ नये, वांदरांना द्यावा.

पायरी 2 : भाऊबंद. साठ-साठ किलोचे दोघे एकमेकांपासून एक मीटरवर बसवावेत. सातबाऱ्यावर काहीही लिहिलेले असो, ते एकमेकांना ओढतातच. ही ओढ बारीक मिठाच्या एका कणाच्या वजनाच्या निम्मीही भरत नाही, पण ती आहे. एकाचे वजन दुप्पट केले तर ओढ दुप्पट होते, अंतर निम्मे केले तर चौपट. तरीही कोणी जागचा हलत नाही, कारण बुडाखालच्या बाकाचे घर्षण कितीतरी मोठे आहे. कोर्टाच्या तारखा हे त्याचे कारण नव्हे.

एवढीशी ओढ मोजणार कशी, असे कोणी विचारल्यास हेन्री कॅव्हेंडिशचे नाव सांगावे. 1798 साली त्याने तारेला टांगलेल्या दांडीवर शिशाचे छोटे गोळे लावले, जवळ मोठे गोळे आणले आणि तारेला किती पीळ बसतो ते पाहिले. वाऱ्याची झुळूक नको म्हणून तो स्वतः खोलीबाहेर बसून दुर्बिणीतून बघत होता. त्यावरून पृथ्वी पाण्याच्या साधारण साडेपाचपट घन आहे असे निघाले. हा गृहस्थ माणसांपासून कायम चार हात लांब राहत असे. आकर्षणाचे माप मात्र त्यानेच काढले.

पायरी 3 : समुद्र. आता तांबळडेगच्या पुळणीवर जावे आणि किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या एखाद्या जुन्या रापणकराला भरतीची वेळ विचारावी. तो उलट विचारील, "आज तिथ खयची ता सांग आधी." येथे दिनदर्शिका उघडावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते : एकादशीला अकराचे पाऊणपट सव्वाआठ, अष्टमीला सहा. बंदरागणिक थोडे मागेपुढे होते, तेवढे चालवून घ्यावे. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे.

दिवसातून भरती दोनदा का, हा प्रश्न पाहुणे हमखास विचारतात. लग्नाला निघालेले वऱ्हाड आठवावे : तरुण पोरे पुढे धावतात, मधली मंडळी बेताने चालतात, म्हातारे मागे रेंगाळतात, आणि रांग दोन्ही टोकांना लांबते. चंद्राकडचे पाणी जास्त ओढले जाते, मधली पृथ्वी त्याहून कमी, पलीकडचे पाणी सर्वांत कमी. म्हणून फुगवटे दोन, आणि पृथ्वी फिरताना किनारा दिवसातून दोन्हींखालून जातो. चंद्रही पुढे सरकत असल्याने भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते.

हुशार विद्यार्थी येथे अडवतो : सूर्य पृथ्वीला चंद्राच्या जवळजवळ 180 पट जोराने ओढतो, मग भरती सूर्याची का नाही? कारण भरती ओढीमुळे होत नाही, ओढीतल्या फरकामुळे होते. सूर्य एवढा लांब आहे की अलीकडच्या आणि पलीकडच्या पाण्यात तो फारसा भेद करत नाही. त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचे जमते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात ओढतात, तेव्हा भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती.

इशारा : या सगळ्या ओढाताणीत चंद्र दरवर्षी 3.8 सेंटीमीटर दूर जात आहे. रापणकरांनी इतक्यात धंदा बदलण्याचे कारण नाही. पाहुण्यांनी मात्र पुळणीवर गाडी उतरवण्यापूर्वी तिथी विचारावी, आणि ती पौर्णिमा किंवा अमावास्या निघाली तर गाडी वर रस्त्यालाच ठेवून चालत जावे.