दंडावरचा रणगाडा

(नगरच्या सावेडीतलं टॅटूचं दुकान. भरतीची तयारी करणारा पोरगा पाथर्डीच्या एसटीनं आलाय. आजीला डोळे दाखवायचे होते, म्हणून तीही सोबत.)

भरतीवाला : दादा, हे नाव झाकायचंय. (उजवी बाही खांद्यापर्यंत चढवतो.)

टॅटूवाला : चांगलं ठसठशीत आहे की! कुठं काढलं?

भरतीवाला : मढीच्या जत्रेत. बॅटरीच्या मशीनवर.

टॅटूवाला : सुई नवी होती का?

भरतीवाला : तो मला नाव विचारत होता. मी त्याला सुईचं काय विचारणार?

टॅटूवाला : विचारायचं असतं. सुईचं पाकीट डोळ्यांसमोर फोडायला लावायचं, शाईही नव्या टोपणात ओतायला लावायची. आधीच्या गिऱ्हाइकाचं रक्त सुईला राहिलं तर बी आणि सी कावीळ, एचआयव्ही, काहीही घरी येतं. एकदा रक्त तपासून घे.

आजी : आमच्या वक्ताला गोंदणारीण एका सुईवर आख्खी आळी गोंदायची. काजळी भरायची, वरनं हळद. काय झालं मला?

टॅटूवाला : नशीब जोरावर होतं तुमचं.

आजी : नशीब न्हाई बाबा, मी पहिली बसले व्हते. मागच्यांचं त्यांनला ठावं.

भरतीवाला : दादा, ह्याच्यावर रणगाडा काढा. भिंगारच्या संग्रहालयात आहे ना, तसला विजयंता.

टॅटूवाला : निघेल. पण झाकणारं चित्र जुन्याच्या दुप्पट-तिप्पट लागतं, आणि गडद. ही भिंत नाही, काळ्यावर पांढरा हात मारला नि संपलं असं होत नाही. जुनी शाई कातडीच्या आतल्या थरात असते, नवी तिथंच तिच्या शेजारी जाऊन बसते. म्हणून जुन्या रेघा नव्या चित्रात जिरवायच्या. ह्या नावातला काना रणगाड्याची नळी होईल. मागं एकानं दंडावर जिल्ह्याचं पूर्ण नाव काढून घेतलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं नाव बदललं नि हा दुसऱ्या महिन्यात हजर. आधीची अक्षरं पानाफुलांत बुडवली, 'नगर' तेवढं ठेवलं. आता कुणाचंही सरकार आलं तरी त्याला खर्च नाही.

भरतीवाला : माझंही असंच बुडवा. मेडिकलला दिसायला नको.

टॅटूवाला : (मशीन खाली ठेवत) कसलं मेडिकल?

भरतीवाला : अग्निवीरचं.

टॅटूवाला : मग ऊठ. सैन्यात कायमचा टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंत, हाताच्या आतल्या बाजूला. नाहीतर पंज्याच्या मागच्या बाजूला. आदिवासी उमेदवारांना सवलत आहे, ती तुला नाही. दंडावर देव काढ नाहीतर देश काढ, तिथं जागाच चुकली. दंडावर रणगाडा असलेल्याला रणगाड्यात बसवत नाहीत.

भरतीवाला : मग सीआरपीएफ?

टॅटूवाला : तिथंही हाताची आतली बाजू, तीही डाव्या, सलाम न करणाऱ्या हाताची. आणि त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान. तू तर उजव्या दंडावर दुकानाची पाटी लावलीयस.

आजी : म्हंजी सलाम ठोकला की सायबाला पोरगी दिसणार!

भरतीवाला : फाउंडेशन चोपडलं तर?

टॅटूवाला : घाम आला की ती परत वर येईल. लेझर कर, आणि तेही कातडीच्या डॉक्टरकडं. लेझर शाईचा भुगा करतं, अंग तो हळूहळू वाहून नेतं. म्हणून दोन बैठकांत सहा-आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात, आणि बैठका पुष्कळ. काळा रंग लवकर हटतो, हिरवा चिवट. आपल्या सावळ्या कातडीला भलतं मशीन लावलं तर शाई जाते नि त्याच जागी पांढरा डाग राहतो. म्हणजे नाव तेच, रंग दुसरा.

भरतीवाला : नावाभोवती हिरवी पानंपण आहेत.

आजी : पानं कशापायी काढली रं?

भरतीवाला : नावावर फुकट होती.

टॅटूवाला : आणि नंतर जपायचं. टॅटू असो की लेझर, खपली ओढायची नाही, ऊन नाही, विहिरीत उडी नाही. सौम्य साबण, कोमट पाणी, टिपून कोरडं करायचं, डॉक्टरनं दिलेलं मलम पातळ लावायचं. आजी, हळद नाही!

आजी : मी कुठं काय म्हनले?

टॅटूवाला : हात पिशवीत गेला तुमचा. लाली पसरत गेली, पू आला, ताप चढला, तर तडक दवाखाना.

भरतीवाला : आणि वाडिया पार्कला सकाळी पळायचं?

टॅटूवाला : आधी जखम भरू दे. मग लांब बाहीचा शर्ट घालून पळ.

आजी : आरं, पर ही पोरगी हाय कुठं?

भरतीवाला : लागली. पोलिसात.

टॅटूवाला : तिच्या हातावर तुझं नाव?

भरतीवाला : नाही. ती तेव्हाच म्हणाली, मला भरती द्यायचीय.

आजी : शहाणी हाय. मंग सोडली कशापायी?

भरतीवाला : मी कुठं सोडली? तिनंच सांगितलं, कुठंतरी लाग, मग बोलू.

आजी : म्हंजी मोडलं न्हाई अजून! चल डाक्टरकडं. लेझरचं पैसं मी देते. लागलास, लगीन झालं, की यायचं हितंच. हाताच्या आतल्या अंगाला नाव काढायचं.

भरतीवाला : तिचं?

आजी : तिचं कशाला? पैसं कोण देतंय?