धंतोलीत आडवं पडताना

सुट्टीत मित्राकडे मुक्काम ठोकावा आणि रविवारी नुसतं लोळावं, ही हौस भागवायला नागपुरात पुष्कळ वस्त्या आहेत. धंतोली सोडून कुठेही जावं. एकेकाळची ही बंगल्यांची वस्ती. आता ज्या घरावर डॉक्टरची पाटी नाही, तिथे बोलणी चालू आहेत असं समजायचं. इथे दिवसाढवळ्या आडवा पडलेला माणूस एकतर पेशंट असतो, नाहीतर रात्रभर जागलेला पेशंटचा नातेवाईक. तिसऱ्या प्रकाराला मान्यता नाही.

नऊ वाजले तरी मी उठलो नाही, तेव्हा वहिनी दारात आल्या. "भाऊजी, बरं नाही वाटून राहिलं का?" म्हटलं, बरा आहे, लोळतोय. हा आजार त्यांनी ऐकला नव्हता. शेजारी हाडांचे डॉक्टर, समोर पोटाचे, कोपऱ्यावर हृदयाचे. "रविवार आहे, पण आपल्यासाठी येतील ना ते!" तिघांपैकी कोणाला बोलवायचं यावर घरात चर्चा सुरू झाली, तसा मी उठून बसलो.

बसलो आणि फसलो. मित्राची यादी तयारच होती: कस्तुरचंद पार्कला तर्री पोहे, झिरो माईलचे चार घोडे, दीक्षाभूमी, महाराजबाग, संध्याकाळी फुटाळा, रात्री सावजी. मे महिना, पारा पंचेचाळिशीकडे निघालेला. "ऊन कुठं आहे बे? हे तर काहीच नाही." नागपूरकराला आपल्या उन्हाचा इतका अभिमान, की संत्र्याची बर्फी एकवेळ विसरेल, पण पाहुण्याला ऊन खाऊ घातल्याशिवाय सोडणार नाही.

सीताबर्डीचा किल्ला मात्र यादीत नव्हता. तो लष्कराच्या ताब्यात; लोकांसाठी उघडतो तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. वर्षातले तीन दिवस पाहुणे, बाकी आराम. १८१७ च्या लढाईपेक्षा मला किल्ल्याचं हे वेळापत्रक जास्त पराक्रमाचं वाटलं. शेवटचा उपाय म्हणून मी रामकृष्ण मठ सुचवला. १९२८ पासून धंतोलीतच आहे, आणि तिथे डोळे मिटून बसलेल्याला कोणी तब्येत विचारत नाही. "तो तर घराजवळच आहे, कधीही जाऊ," म्हणत मित्रानं गाडीची किल्ली उचलली.

फाटकासमोर छिंदवाड्याची गाडी उभी होती. रविवारी ओपीडी बंद, पण पेशंटला भेटायला येणाऱ्यांना हाच वार सोयीचा. धंतोलीच्या पार्किंगचं गाऱ्हाणं रहिवाशांनी उच्च न्यायालयापर्यंत नेलं, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्या दिवशी तरी निकाल माझ्या बाजूनं लागला होता.

मित्र गाडीचा नंबर कागदावर लिहून मालकाच्या शोधात निघाला. मी कूलरसमोरच्या दिवाणावर पडलो. वहिनींनी पन्हं दिलं. गाडी अडकल्यावर पडून राहणं त्यांना रीतसर वाटलं असावं. खिडकीतून पाहिलं, तर कडुनिंबाच्या सावलीत, आमच्याच भिंतीला टेकून, तोंडावर दुपट्टा घेऊन एक गृहस्थ घोरत होते. मांडीवर गाडीची किल्ली. मी पडदा ओढून घेतला.

तीनच्या सुमारास मित्राचा फोन आला. हाडं झाली, पोट झालं, आता तो हृदयाच्या तिसऱ्या मजल्यावर चौकशी करत होता.