गॅरेजातली शेकोटी
मिनेसोटात जानेवारीत पारा उणे २० सेल्सिअसवर गेला, की गृहस्थाला नेमकी गॅरेजात सुतारकामाची हुक्की येते. मग हीटर येतो. पण १२० व्होल्टच्या साध्या प्लगवर चालणारा घरगुती हीटर ५० डॉलरचा घ्या की ३०० चा, असतो बहुधा १५०० वॉटचाच. ऊब तेवढीच, वरचे पैसे रिमोटचे आणि खोट्या ज्वाळांचे. (ज्वाळा दिसतात मात्र झकास!) ती ऊबही पत्र्याच्या दारातून अंगणातल्या बर्फाला भेटायला जाते. त्याच लाइनवर करवत लावली, की ब्रेकर पडतो आणि अंधारही फुकट मिळतो. महाराज, आधी दाराच्या फटी बुजवा, इन्सुलेशन करा, मग मोठ्या हीटरसाठी इलेक्ट्रिशियनकडून २४० व्होल्टची स्वतंत्र लाइन ओढून घ्या. रिमोट नंतर बघू.