बिनतारी कीबोर्डसाहेबांस अनावृत पत्र

श्री. बिनतारी कीबोर्डसाहेब,
मुक्काम ऑनलाइन अर्जांचे दुकान, कमलनगर, जि. बिदर

स. न. वि. वि.

आपल्या कारभाराची तक्रार आपल्यामार्फतच लिहावी लागत आहे, तेव्हा ती पडद्यावर कधी उमटेल हे आपणच जाणे. ‘क’ दाबला की आपण आधी तो विचाराधीन ठेवता, मग एकदम सहा ‘क’ मंजूर करता. साहेब, 1956 साली आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. थांबण्याचे शिक्षण आम्हाला वेगळे द्यायला नको.

भाषेच्या बाबतीत मात्र आपण निःपक्षपाती. इन्स्क्रिप्टमध्ये कन्नड आणि मराठी ‘क’ एकाच कळीवर, त्यामुळे तहसीलचा कन्नड अर्ज आणि उदगीरच्या पाहुण्यांची मराठी लग्नपत्रिका सारखीच रखडते. दोन्ही भाषांना इतका समान न्याय इथे दुसरीकडे मिळत नाही.

सेल नवे घातले. फरक नाही. दुकानात टेकणारा प्रत्येक जाणकार म्हणतो, ‘फेका हो, वायरवाला घ्या.’ माझ्या मते दोष साहेबांचा नाही, खुर्चीचा आहे. आपला रिसीव्हर लोखंडी कॅबिनेटच्या पाठीमागे, हार्ड डिस्क लावलेल्या निळ्या पोर्टाला खेटून. यूएसबी 3.0 चा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, हे इंटेलने 2012 मध्येच दाखवून दिले आहे. त्याच पट्ट्यात आपण, वायफाय आणि ब्लूटूथ. बसस्टँडवर महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कंडक्टरांनी उदगीर, भालकी, बिदर असा एकाच दमात पुकारा करावा, तसे. निरोप हरवला की तो पुन्हा पाठवावा लागतो, म्हणून उशीर. ‘कळ सोडली’ हा निरोपच हरवला, तर संगणकाला बोट अजून कळीवरच वाटते. ते सहा ‘क’ तिथून आले.

भराभर दाबलेली कळ न मानणारे विंडोजमधले फिल्टर कीजही बंद केले. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की ते चालू करू का अशी विचारणा होते, आणि आमच्याकडे काउंटरवर कोपर टेकून गप्पा मारणाऱ्यांना आठ सेकंद म्हणजे काय! विचारले की न वाचता ‘हो’ म्हणायचे, हा तर सगळ्यांचाच स्वभाव. वीज वाचवण्यासाठी यूएसबीला झोपवण्याची सवलतही काढून घेतली.

आता आपला रिसीव्हर हातभर एक्स्टेन्शन वायरीवर, थेट आपल्यासमोर. अक्षरे बोटाबरोबर उमटत आहेत. बिनतारी साहेबांच्या कामाला अखेर तारच लागली. तिचा खर्च कोणत्या खात्यात टाकावा, ते लेखी कळवावे.

आपला,
एक अर्जलेखक

प्रत : राउटर यांना, 5 गिगाहर्ट्झवर तात्काळ बदलीच्या आदेशासह.